परवाना मिळाला, हात तयार झाला काय?

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने अशील आमच्याकडे आले. नाशिक जिल्ह्यांत त्यांचा द्राक्षांचा व्यापार आहे, आणि हंगामांत बागाइतदारांचे पैसे चुकते करण्यासाठीं रोकड घेऊन त्यांस आडवाटेनें फिरावें लागतें. दोन वर्षांपूर्वीं रात्रीं त्यांची गाडी अडविली गेली. पैसे गेले, मनगट मोडलें, आणि पुढें साक्ष देऊं नये म्हणून धमक्या सुरू झाल्या. सुमारें दीड वर्ष खेटे घातल्यावर त्यांस स्वसंरक्षणार्थ एक पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना मिळाला. तो कागद त्यांनीं आमच्या टेबलावर ठेवला आणि विचारलें, "वकीलसाहेब, आतां कोणतें घेऊं तेवढें सांगा."

आम्हीं त्यांस उलट विचारलें, "आजपर्यंत आपण गोळ्या किती झाडल्या?" त्यांनीं प्रामाणिकपणें उत्तर दिलें कीं, अर्जास शिक्षणाचा दाखला जोडावा लागला म्हणून एका दुपारीं पांच झाडल्या. त्या पांचांपैकीं निशाणास किती लागल्या, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें व त्यांनींही विचारलें नव्हतें. अर्जदाराची मालमत्ता किती, त्याचा व्यवसाय काय, त्याच्यावर खटले किती, त्याच्याविषयीं पोलीस पाटील काय म्हणतो, हें सर्व दीड वर्षांत बारकाईनें तपासलें गेलें; हें प्राणघातक यंत्र त्याच्या हातांत शोभेल काय, एवढें मात्र कोणी पाहिलें नाहीं. हा प्रश्न एकट्या आमच्या अशिलाचा असता तर त्याचें उत्तर आम्हीं आमच्या खोलींतच दिलें असतें. परंतु ज्यांच्या मनांत पहिलें पिस्तूल घेण्याचा विचार आहे अशा पुष्कळांचा तो प्रश्न आहे, आणि त्याच्या मुळाशीं आपल्या राज्यकारभारांतील एक जुना दोष आहे. म्हणून त्याचा जाहीर विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

शस्त्र बाळगण्याच्या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास अपमानापासून सुरू होतो. सन १८७८ मध्यें लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत दोन कायदे झाले. एकानें देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप घातलें आणि दुसऱ्यानें देशी माणसाच्या हातांतील हत्यार काढून घेतलें. पहिला कायदा १८८२ मध्यें रद्द झाला. दुसरा मात्र स्वराज्य आल्यावरही कांहीं वर्षें जिवंत राहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें त्याची जागा घेतली व हा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. जुन्या कायद्याची खरी नांगी परवाना मागण्यांत नव्हती. युरोपियनास सूट आणि हिंदी माणसास अट, या भेदांत ती होती. म्हणूनच काँग्रेसनें त्याविरुद्ध वारंवार ठराव केले, आणि १९३१ च्या कराची येथील मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा, असें कलम घातलें गेलें.

पुढें डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं हाच हक्क घटनेंत घालण्याची सूचना घटना समितीपुढें मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. परक्या सरकारनें शस्त्रें काढून घेतलीं तीं प्रजेनें आपल्यावर उलटूं नये म्हणून. पण वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार विकत घ्यावें अशी मोकळीक दिल्यास कोणत्याही सरकारास कारभार चालवितां येणार नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेंत १७९१ च्या घटनादुरुस्तीवर विसंबून तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ व २०२२ सालीं हा व्यक्तीचा हक्क ठरविला. आपल्याकडे ती कायद्यानें द्यावयाची परवानगी आहे. आमच्या मतें आपल्या घटनाकारांनीं केलें तें योग्यच केलें.

परंतु परवानगी म्हणजे मेहेरबानी असा अर्थ जर कोणी अधिकारी करीत असेल, तर त्यानें कायदा पुन्हां वाचावा. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारूं नये, असें शस्त्र कायद्याचें कलम १४ स्पष्ट सांगतें. नकार द्यावयाचा तर कारणें लिहून ठेवावीं, आणि सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर मागितल्यावर तीं अर्जदारास द्यावीं, असेंही तेंच कलम सांगतें. कलम १८ अपिलाची वाट मोकळी ठेवतें. असें असूनही आपल्या समाजांत परवान्याचें पिस्तूल हें अजून वजनदार माणसाचें भूषण समजलें जातें. कमरेचें हत्यार दिसावें म्हणून सदरा मुद्दाम वर खोंचणारे आणि हत्यारासह छायाचित्रें काढून तीं समाजमाध्यमांवर मिरविणारे महाभाग आपण सर्वांनीं पाहिले आहेत. वशिल्यानें मिळणारी वस्तु मिरविण्याची होते. परीक्षा देऊन मिळणारी वस्तु जपण्याची होते. हें ध्यानांत ठेवून आतां मूळ प्रश्नाकडे वळूं.

पहिली निवड हत्याराची नसून प्रसंगाची आहे. ज्यास मळ्यांतील एकाकी घराचें रक्षण करावयाचें आहे, त्यास कायदाच वेगळी वाट दाखवितो. नळींत पीळ नसलेली व वीस इंचांहून आंखूड नसलेल्या नळीची बंदूक संरक्षणासाठीं मागणाऱ्या नागरिकास, तो अपात्र नसल्यास, परवाना द्यावा असें कलम १३ म्हणतें. पिस्तुलासाठीं मात्र योग्य कारण पटवून द्यावें लागतें. हा भेद शहाणपणाचा आहे. लांब बंदूक लपवितां येत नाहीं, दोन हातांनीं व खांद्याच्या आधारानें धरली जाते, आणि म्हणून नवख्याच्याही आटोक्यांत राहते. पिस्तूल लहान म्हणून सोपें असें लोकांस वाटतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. आंखूड नळीमुळें हाताची गव्हाएवढी चूक निशाणावर हातभर होते.

ज्यास खरोखर अंगावरच हत्यार बाळगणें भाग आहे, त्याची निवड आपल्या देशांत फारशी मोठी नाहीं. लष्कर व पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटर, ०.३८ यांसारखे बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत, आणि परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून बहुतांशीं बंद आहे. त्यामुळें बहुतेकांची गाडी ०.३२ बोअरपाशीं येऊन थांबते. तेथेंही एक खबरदारी आहे. ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरचें काडतूस आणि ०.३२ च्या पिस्तुलाचें काडतूस हीं दोन भिन्न आहेत. आंकडा एक म्हणून एकाचें दुसऱ्यांत चालत नाहीं.

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रांत बहुधा सहा काडतुसें बसतात. एखादें फुसकें निघालें तर चाप पुन्हां ओढावा. चक्र फिरून पुढचें काडतूस नळीसमोर येतें. पिस्तुलाचीं काडतुसें मुठींतील पेटींत असतात. तें चपटें असल्यानें अंगावर नीट बसतें, लवकर भरतां येतें व त्यांत गोळ्याही अधिक मावतात. परंतु काडतूस अडकलें तर वरचा सरकता भाग मागें ओढून तें काढावें लागतें, आणि काळोखांत, घाबरलेल्या हातांनीं तें करण्यास पुष्कळ सराव लागतो. शिवाय पेटी काढली म्हणजे हत्यार रिकामें झालें, असा नवख्याचा समज होतो. एक काडतूस तेवढ्यांत नळींत बसलेलें असूं शकतें. या एका समजुतीपायीं माणसें प्राणास मुकलीं आहेत. म्हणून ज्यास महिन्यांतून एखाद्या वेळींच सराव करतां येणार आहे, त्यानें पहिलें हत्यार म्हणून साधें रिव्हॉल्व्हर घ्यावें, अशी आमची शिफारस आहे. घोडा न चढवितां त्याचा चाप ओढण्यास बोटाला बरेंच बळ लावावें लागतें. नवख्यास हा दोष वाटतो. वास्तविक तोच त्याचा रखवालदार आहे.

वजनाविषयींही असाच भ्रम आहे. २०१२ च्या दिल्ली येथील अत्याचाराच्या स्मृतीनें कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ मध्यें 'निर्भीक' नांवाचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून बाजारांत आणलें. त्याचें वजन सुमारें ५०० ग्रॅम, आणि किंमत त्या वेळीं सुमारें १ लाख २२ हजार रुपये. मालमत्ता नाहीं म्हणून परवाना नाकारूं नये असें कायदा म्हणतो आणि सरकारी कारखान्याची किंमत मात्र मालमत्ता मागते, ही विसंगति त्या वेळींच कोणाही विचारी माणसाच्या ध्यानांत यावयास पाहिजे होती. २०२३ मध्यें त्याच शहरांतून आलेल्या 'प्रबल' या रिव्हॉल्व्हरचें वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आहे, आणि जुन्या नमुन्याप्रमाणें मध्यें मोडून न उघडतां त्याचें चक्र बाजूस बाहेर येतें. नांवें कशीहि असोत, नियम एकच: जें कमरेला हलकें तें गोळी सुटतांना हाताला जड. हलकें हत्यार अधिक उसळतें आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. घेणारानें मूठ आपल्या तळव्यांत भरते काय, बोटाचें पेर चापावर आपोआप पोंचतें काय, आणि हात ताणून धरल्यास मनगट किती वेळानें थरथरतें, हें स्वतः धरून पाहावें. दुसऱ्याच्या हातीं शोभणारें हत्यार पसंत करणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा जोडा घेण्यासारखें आहे. जुनें हत्यार घेणें असल्यास जाणत्या कारागिराकडून तपासल्याशिवाय व परवान्यावर रीतसर नोंद झाल्याशिवाय घेऊं नये. गावठी कट्ट्याची गोष्टच नको. तो आधीं मालकाचा हात फोडतो आणि नंतर त्यास तुरुंगांत नेतो.

हत्यार घेतल्यावर तें ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न निवडीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें सार्वजनिक जागीं पिस्तूल म्यानांत अथवा तशाच वेष्टनांत असावें लागतें, आणि तें उगारून दाखविणें निषिद्ध आहे. म्यान असें पाहिजे कीं ज्यानें चाप पूर्ण झांकला जाईल. किल्ल्यांबरोबर खिशांत, मोटारीच्या कप्प्यांत किंवा उशीखालीं ठेवलेलें पिस्तूल हें मालकाचें राहत नाहीं. तें ज्याच्या हातीं आधीं लागेल त्याचें होतें. म्हणून हत्याराला दोनच जागा: एक मालकाच्या अंगावर, त्याच्या ताब्यांत, दुसरी कुलुपांत, काडतुसांपासून वेगळी. तिसरी जागा नाहीं. चाप ओढण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नको. प्रत्येक हत्यार भरलेलें आहे असें समजावें, त्याची नळी कोणाकडे रोंखूं नये, आणि निशाणामागें काय आहे तें आधीं पाहावें. चाळींतील पातळ भिंत गोळी अडवीत नाहीं. लग्नांत किंवा मिरवणुकींत हर्षानें गोळ्या झाडणारास २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, हेंही येथें सांगून ठेवतों.

कुलुपाचा आग्रह आम्हीं केवळ मुलांसाठीं धरीत नाहीं. कॅलिफोर्निया प्रांतांतील सुमारें २ कोटी ६० लाख लोकांच्या २००४ ते २०१६ या काळांतील नोंदींचा अभ्यास २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांजवळ पिस्तूल होतें त्यांच्यांत बंदुकीनें आत्महत्या करण्याचें प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारें आठपट, आणि स्त्रियांत सुमारें पस्तीसपट आढळलें. तो देश निराळा, तेथील रीत निराळी. पण निराशेची एक रात्र सगळ्या देशांत सारखीच असते. चोराच्या भयानें घरांत आणलेलें हत्यार घरच्याच माणसावर उलटण्याचा संभव किती मोठा आहे, याचा विचार घेणारानें बायकामुलांस समोर बसवून करावा. घरांत दारूचें व्यसन असेल, कोणी खचलेल्या मनःस्थितींत असेल, किंवा भाऊबंदकीचा वाद पेटलेला असेल, तर आमचें उत्तर एका शब्दाचें आहे: घेऊं नका.

आतां कायद्याविषयीं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. हा हक्क दुबळा नाहीं. कायदा पाळणाऱ्या माणसानें हल्ल्यापुढें भ्याडासारखें वागावें अशी कायद्याची अपेक्षा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें दर्शन सिंग यांच्या २०१० च्या खटल्यांत म्हटलें आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड फेंकलें जाण्याची वाजवी भीति असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोंचतो. परंतु त्यास मर्यादाहि आहेत. सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तर तो हक्क नाहीं. संरक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाहीं. आणि हल्ला संपून चोर पाठ फिरवून पळूं लागला म्हणजे त्याच्या पाठींत घातलेली गोळी ही सूड ठरण्याचा धोका आहे. शिवाय आपण स्वसंरक्षणार्थच वागलों हें दाखविण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणें आरोपीवरच येतो. चाप ओढण्यास क्षण पुरतो. त्या क्षणाचा हिशेब कोर्टांत वर्षानुवर्षें द्यावा लागतो. ज्यास हें आधीं माहीत आहे, त्याचा हात उगाच उठत नाहीं, आणि उठावा लागला तर कांपत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "दरोडेखोर कोठें परीक्षा देऊन येतो? पोलीस चौकी दहा कोसांवर, आणि तुम्ही आम्हांस शिकवणीला पाठवितां!" हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं, ज्याचें मनगट मोडलें आहे त्याच्या तोंडून तो आम्हीं ऐकला आहे. परंतु ज्यास चालवितां येत नाहीं त्याच्या कमरेचें पिस्तूल हें दरोडेखोरासाठीं आयतें आणून दिलेलें पिस्तूल होय. अनाडी हात शूर होत नाहीं. तो फक्त अधिक धोक्याचा होतो. दुसरा पक्ष म्हणेल कीं गांधींच्या देशांत सामान्य माणसास पिस्तूल हवेंच कशाला? त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्यास खरोखर धोका आहे त्यास स्वतःच्या रक्षणाचें साधन नाकारावयाचें आणि पुढाऱ्यांनीं मात्र बंदूकधारी रक्षक घेऊन फिरावयाचें, ही समता नाहीं. लिटनच्या कायद्यांत भेद गोऱ्या-काळ्याचा होता. तो वजनदार आणि बिनवजनाच्या माणसांचा होऊं नये, एवढेंच आम्ही मागतों.

म्हणून सरकारास आमच्या तीन सूचना आहेत. सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची तरतूद २०१६ च्या नियमांत आहेच. ती कागदी दाखल्यावर न भागवितां परवाना देण्यापूर्वीं, आणि दर पांच वर्षांनीं नूतनीकरणाच्या वेळीं, अर्जदाराची प्रत्यक्ष मैदानावर परीक्षा घ्यावी. दुसरी सूचना ही कीं, ज्यास नियमाप्रमाणें ठरावीकच काडतुसें मिळतात तो सराव कशानें करील? प्रत्येक जिल्ह्यांतील पोलिसांचें नेमबाजीचें मैदान ठरलेल्या दिवशीं परवानाधारकांस खुलें करावें, आणि तेथेंच घेऊन तेथेंच झाडलेलीं काडतुसें त्याच्या हिशेबांत धरूं नयेत. तिसरी सूचना अशी कीं, प्रत्येक जिल्ह्यांत दर वर्षीं अर्ज किती आले, मंजूर किती झाले, नामंजूर किती व कोणत्या कारणांनीं झाले, यांचे केवळ आंकडे प्रसिद्ध करावे. नांवें नकोत, आंकडेच पुरे बोलतील.

आमच्या अशिलांस आम्हीं सांगितलें कीं, परवान्यांत खरेदीस दिलेली मुदत अजून आहे. तोंवर दोन गोष्टी करा. बागाइतदारांचे पैसे होतां होईल तों बँकेमार्फत द्या म्हणजे वाटेवर लुटण्यासारखें कांहीं उरणार नाहीं, आणि दर रविवारीं नेमबाजीच्या मैदानावर जा. पहिली गोष्ट त्यांनीं लगेच केली. दुसरीसाठीं ते चार रविवार जाऊन आले आहेत, आणि परवां भेटले तेव्हां त्यांनीं आपण होऊन सांगितलें, "पंचविसांत अकरा लागल्या." आम्हीं म्हटलें, अजून थांबा. जें आम्ही एका अशिलास सांगूं शकलों, तें सरकारनें प्रत्येक अर्जदारास कायद्याच्या तोंडानें सांगावें; अर्जदाराची ओळख कोणाशीं आहे हें विचारण्यापूर्वीं त्याच्या हातास काय येतें, हें विचारावें.